कोंबड्याच्या आधी

९ ऑक्टोबर

काल संध्याकाळी बेलापूरला उतरलो. आत्याला फोन केला नव्हता. कधीच करत नाही, मी येतो तेव्हा येतो. वस्तीवर पोचलो तर ती ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. "आलास व्हय," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला उठली.

या वेळी मात्र मी तिच्याकडं बघत राहिलो. गालफडं बसलीत. चूल पेटवताना दोनदा थांबली. मला चार भाकरी वाढल्या आणि स्वतः अर्ध्या भाकरीवर हात धुतले. तेवढ्यानंही गड चढून आल्यासारखी भिंतीला टेकून धापा टाकत बसली. विचारलं तर म्हणाली, दमा हाय. मागच्या खेपेला म्हणाली होती पित्त हाय.

पहाटे मात्र तिनंच उठवलं, नेहमीसारखं. न्हाणीच्या मागं दगडावर बसायचं, मिश्री लावायची आणि मग दोन बोटं घशात घालून पित्त काढायचं. आवाज असा की समोरच्या वस्तीवरचं कुत्रं उठतं. आमचा कोंबडा तिच्यानंतर आरवतो. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, होते तेव्हा म्हणायचे, कोंबडा विकून टाकू, फुकटचे दाणे खातो. गोव्यात हॉटेलात भांडी घासायचो तेव्हा पहाटे डोळा उघडला की मला हा आवाज आठवायचा. माणसाला आईची हाक आठवते म्हणतात. माझी आई मला आठवतच नाही, आत्यानंच वाढवलं, मग तिचा आवाज आठवणार.

महिनाभर राहायचं आहे. राजूरचा कानिफनाथ मधमाशांच्या पेट्या घेऊन राजस्थानात मोहरीवर जातो. नोव्हेंबरात ट्रक निघेल. मी येतो म्हणून सांगून ठेवलंय. इतकं पिवळं शेत मी फक्त मोबाईलवर पाहिलंय.

११ ऑक्टोबर, नगर

काल दुपारी भात खाताना आत्यानं एकदम छाती धरली. तोंड पांढरं, कपाळाला घाम. मला वाटलं हार्ट अटॅक. सैफचा टेम्पो घरासमोरच उभा होता, त्यात घातलं आणि श्रीरामपूर गाठलं. सैफ माझा शाळेतला दोस्त. दोघंही नववीतच शाळेला कंटाळलो, फक्त त्यानं पुढं काहीतरी केलं. तिथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, हृदय ठीक म्हणाले, मग छातीचा फोटो काढला आणि तो दोनदा उजेडाला धरून बघितला. तिथून इकडं पाठवलं.

इथल्या सर्जन मेहरीन मॅडम. वयानं फार मोठ्या नाहीत, बोलतात सावकाश. फोटोत हृदयाच्या मागं एक मोठा फुगा दिसत होता. म्हणाल्या, हे यांचं जठर आहे, ते पोटात असायला हवं.

मला समजलं ते असं. छाती आणि पोट यांच्या मधे पडदा असतो. अन्ननलिका खाली उतरावी म्हणून त्याला एक भोक असतं. आत्याचं भोक पसरत पसरत एवढं झालंय की जवळजवळ सगळं जठर त्यातून वर चढून छातीत जाऊन बसलंय. म्हणून दोन घासांत श्वास कोंडतो. दमा नाहीच. मॅडमनी आत्याच्या पाठीला नळी लावून मला ऐकवलं. भरल्या पोटाची गुडगुड, आणि ती छातीत.

"मजी माझं पोट वर गेलंय," आत्या म्हणाली. "मला वाटलं व्हतं जीवच जायाचाय वर."

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. वर गेलेल्या जठराला कधी पीळ पडला तर काही तासांत माणूस जातो. ऑपरेशन लागेल. जठर खाली ओढायचं, भोक शिवायचं, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळायचा. पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवतोय.

"कल्याण, एवढा मोठा हर्निया शिवला तरी तो परत येणारच नाही असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांचं काही वर्षांत थोडंफार वर सरकतं. दुसऱ्यांदा आत जायचं म्हणजे सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. या वयात मला यांना दुसऱ्यांदा टेबलावर घ्यायचं नाही. तेव्हा अर्धं काम माझं आणि अर्धं तुमचं."

आमचं म्हणजे माझं. आजवर अर्धं सोडा, पाव कामसुद्धा कोणी माझ्यावर सोडलेलं नाही.

मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. खोकला? थोडा. शौचाला त्रास? थोडा. उलट्या? आत्या म्हणाली, न्हाई बा, कंदीच न्हाई. मीही मान हलवली. खरंच नाही, बैलगाडीच्या प्रवासातसुद्धा तिला कधी उलटी झालेली नाही.

१४ ऑक्टोबर

शेजारच्या वस्तीवरची केशरबाई आली होती. ऑपरेशनची बातमी सगळीकडं झालीय. ती आत्याला म्हणाली, साळू, पोट फाडलेली बाई पुन्यांदा पैल्यासारखी व्हत न्हाई. पित्ताचाच विकार हाय, नीट काढत जा, रोज पिवळं पडेस्तवर. आत्या हो म्हणाली आणि तिला चहा दिला. ती गेल्यावर मला म्हणाली, तिला काय कळतंय, करून टाकू.

पण संध्याकाळी गोठ्यात गाईच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी होती.

१७ ऑक्टोबर, नगर

सकाळी आत नेलं. रुपाली श्रीगोंद्याहून आली होती. रुपाली म्हणजे आत्याची एकुलती पोर. तिच्या नवऱ्याची साखर कारखान्यात नोकरी, गळीत सुरू व्हायला आलंय, तिला फार राहता येणार नाही. ती बाकावर बसून हाताच्या नखांकडं बघत होती. माझ्यानं एका जागी बसवेना. चहाला म्हणून खाली गेलो तर फाटकाजवळ एक माणूस प्रेशर कुकर दुरुस्त करत होता. तो शिट्टीच्या आतली बारकी भोकं सुईनं साफ करतो ते बघत उभा राहिलो. वर आलो तर रुपाली रडत होती. पण ती आनंदानं रडत होती. मॅडम येऊन सांगून गेल्या होत्या आणि मी तेवढ्यात नव्हतो.

मग मी त्यांच्या मागं जाऊन परत ऐकलं. जठर खाली आलं. भोक शिवलं. कडा विरलेल्या होत्या म्हणून वरून जाळीचा आधार दिलाय. पोटावर फक्त पाच बारकी भोकं. दुर्बिणीनं केलं सगळं.

२१ ऑक्टोबर

घरी आणलं. सैफनं टेम्पो एवढा हळू चालवला की मागून सायकलवाला ओरडला.

निघताना मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं. वजन उचलायचं नाही, वाकून काम नाही, कुंथायचं नाही, खोकला अंगावर काढायचा नाही. महिनाभर पातळ आणि मऊ, थोडं थोडं. आणि उलटी तर होताच कामा नये, मळमळलं तरी ताबडतोब गोळी. उमाशाचा जोर वरच्या टाक्यांवर येतो, एका झटक्यातही टाका सुटू शकतो.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावायचं. आत्या म्हणाली, घसरून अंगणात जाईन मी.

२७ ऑक्टोबर

हंडा माळ्यावर टाकला. जात्याचा खुंटा काढून लपवला. झाडू सैफच्या घरी. तिला वाकायला लागू नये म्हणून चुलीऐवजी टेबलावर गॅस मांडला आणि स्वतः मुगाचं वरण शिजवतोय. पहिल्या दिवशी ते एवढं खारट झालं की तिनं हातानंच बाजूला सारलं. "कल्या, टाक्यानं न्हाई मरायची मी, तुज्या हातानं मरंन."

पण रोज अर्धी वाटी जाते, आणि धाप लागत नाही. आज जेवून ओट्यावर बसली आणि माझ्याशी बोलत राहिली. जेवल्यावर तिला बोलताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

एकच चुकल्यासारखं वाटतं. पहाट मुकी झालीय. कोंबडा आरवतो आणि मी दचकतो, म्हणजे आत्या अजून आजारीच आहे असं वाटतं. ती मिश्रीचा डबा हातात घेते आणि परत ठेवते. दुखतंय आतून, म्हणते.

३ नोव्हेंबर

भांडण. गवताचा भारा घेऊन गोठ्याकडं जाताना सापडली. छोटा होता, पण भाराच. मी ओरडलो, तीही ओरडली. गाय उपाशी ठेवू का, तुला दिसत न्हाई का, तू दिवसभर मोबाईलवर माश्या बघतोस. ते खरं होतं. कानिफनाथ व्हिडिओ पाठवतो. एकात त्यानं दाखवलं की राणीमाशी नसली की पेटीचा आवाज बदलतो, रडका होतो, आणि तो नुसतं कान लावून ओळखतो. मी तो सात-आठ वेळा पाहिला.

भारा मी उचलला. ती दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी मऊ भाताचं ताट पुढं केलं तर म्हणाली, चाळीस वर्षं ही वस्ती मी वढली, आता बसून खायाचं मजी मी जिती का मेली तेच कळंना.

तरी गवताला मीच जाईन, हे ठरलं.

७ नोव्हेंबर

सैफच्या टेम्पोवरची नवी ताडपत्री कडेला फाटली. ज्यातून दोरी ओवतात ते पितळी डोळं उपटून आलं. मी म्हणालो कांदा जास्त भरला असशील. तो म्हणाला, भावा, वजनानं न्हाई फाटत ती. कोपरा ढिला राहिला, वाऱ्यानं रोज फडफडला, रोज बारका हिसका. शंभर पोत्यांनी व्हत न्हाई ते हिसक्यानं व्हतं.

दोघांनी मिळून दुहेरी कापड लावून शिवली. मला असली कामं आवडतात. दुपार कशी गेली कळलं नाही.

१३ नोव्हेंबर

आज पहाटे आत्याचा आवाज आला!

मी ओट्यावर गोधडीत होतो. न्हाणीच्या मागून पहिल्यांदा हळू, मग जुना तोच. समोरचं कुत्रं भुंकलं, मग कोंबडा. गोधडीत पडल्या पडल्या हसलो. घर परत जागेवर आलं. केशरबाई काल म्हणत होतीच, तोंडाला चव न्हाई मजी आत साठलंय, काढून टाक, हलकं वाटंल. हलकं वाटलंच असणार, सकाळी वरणाची अख्खी वाटी संपवली.

आता मी जायला मोकळा. कानिफनाथला फोन केला. पंचवीस तारखेच्या सुमारास ट्रक. त्याआधी पेट्या बांधायला राजूरला ये म्हणाला.

१६ नोव्हेंबर

रुपालीला बोलावलं, आठ-दहा दिवस राहील. तिला सगळं समजावून सांगितलं. भारा, हंडा, विटा, गोळ्या. ती म्हणाली, एवढं तुला आठवतंय, मग बारावीला काय झालं होतं? बारावी कुठली, म्हटलं, तिथवर पोचलोच नाही.

आत्यानं निघताना नारळाची वडी दिली. वाटेपर्यंत सोडायला येते म्हणाली, मी येऊ दिली नाही. "रोज गाजवतेस ना सकाळ," मी म्हणालो, "तेवढं ऐकू आलं असतं राजूरला तर बरं झालं असतं." लाजली. "आता कुठं पित्त पैल्यासारखं पडाया लागलंय."

२२ नोव्हेंबर, राजूर

इथं थंडी चांगली. डोंगराच्या पोटात कानिफनाथच्या पेट्या रांगेत. संध्याकाळी माश्या आत गेल्या की दारं जाळीनं बंद करायची, पट्ट्यांनी आवळायच्या. मी पट्टी जोरात आवळली तर कानिफनाथनं थांबवलं. म्हणाला, घट्ट असू दे, पण पेटीला हिसका नको. आतली पोळी तुटली तर राणी दबून मरती.

हिसका हा शब्द या महिन्यात दुसऱ्यांदा ऐकला. काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि तेवढ्यात चहा आला.

२४ नोव्हेंबर, नगर

काल सकाळी रुपालीचा फोन. आई सकाळपासून उमासे काढतीय, काहीच पडत नाही, छातीत दुखतंय, पाणीसुद्धा उतरत नाही, सैफ नगरला नेतोय. मी पट्टी हातातली तशीच टाकली. राजूरहून संगमनेर, संगमनेरहून नगर. बसमधे पूर्ण रस्ता मी एकच हिशोब करत होतो, भारा कोणी उचलू दिला.

आत्या खाटेवर, नाकात नळी. माझ्याकडं बघून डोळे मिटले. सीटी स्कॅन झाला. मेहरीन मॅडमनी रुपालीला आणि मला आत घेतलं. रुपाली शपथेवर सांगत होती, आईनं तांब्यासुद्धा उचलला नाही. मॅडमचा आवाज चढला नाही, पण त्या थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, कुठलातरी जोर पडलाय, आणि एकदा नाही. तो थांबला नाही तर मी आता काही केलं तरी तेच होईल. कल्याण, त्यांचा अख्खा दिवस सांगा. काही सोडू नका.

मी सांगायला लागलो. मला सरळ सांगता येत नाही. गाय, गवत, टेबलावरचा गॅस, केशरबाईचा चहा, विटा, कोंबडा. मॅडम एका कागदावर रेघोट्या ओढत होत्या. त्यांचं लक्ष उडाल्याचं दिसत होतं. मी म्हणालो, आमचा कोंबडा आळशी आहे, आत्याच्या नंतर आरवतो.

"आत्याच्या नंतर म्हणजे?"

मी हसत आवाज काढून दाखवला. दोन बोटं तोंडाजवळ नेली आणि तसा ओ ओ. बाहेरून सिस्टर डोकावली.

मॅडमची रेघ थांबली. "हे रोज?"

"पित्त काढते. लहानपणापासून बघतोय."

"ऑपरेशननंतर?"

मी तारीखच सांगितली. ती मला पाठ होती, कारण त्या दिवशी मी खूश झालो होतो.

रुपालीनं पदर तोंडाला लावला. मला ताडपत्रीचं डोळं दिसलं, उपटलेलं, भोवती कापडाचे दोरे. शंभर पोत्यांवर मी पहारा दिला होता.

२५ नोव्हेंबर

स्कॅनचा निकाल मॅडमनी सविस्तर सांगितला. वरचा एक टाका सुटलाय. गुंडाळलेला भाग थोडा छातीत सरकलाय. सूज आलीय म्हणून पाणी अडत होतं. पण पीळ नाही, आणि बाकीचे टाके व जाळी जागेवर. आज घोटभर पाणी उतरलं. आता लगेच हात लावायचा नाही, थांबायचं. जठर आहे तिथंच राहिलं तर आत्या याच्यासकट जगेल. आणखी सरकलं तर दुसरं ऑपरेशन, आणि त्याबद्दल त्या पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या.

मग त्या आत्याच्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, पित्त काढणं आजपासून बंद. आत्यानं मान वळवली. मला वाटलं रागावली. ती घाबरली होती.

"मंग त्वांड कसं धुवायचं?" हळू आवाजात म्हणाली. "लगीन हून आले त्या सकाळी सासूनं शिकवलं. आत घाण ठिवून चुलीला शिवायचं न्हाई. मॅडम, ते केल्याबिगर माजा दिवस उजाडत न्हाई."

मॅडम तिचा हात धरून बसल्या. मी बाहेर जाऊन कानिफनाथला फोन लावला. ट्रकमधे पेट्या चढवायला सुरुवात झाली होती. मागून माश्यांचा आवाज येत होता. येत नाही म्हणालो. बरं, म्हणाला, आत्याला सांभाळ.

४ डिसेंबर

घरी. रुपाली गेली. पहाटे आत्या उठली की मीही उठतो. तिच्या समोर दुसरा दगड मांडलाय, त्यावर बसून मीही दात घासतो. मिश्री मॅडमनी सोडायला सांगितलीय, घसा खाजवते म्हणून. साधी पावडर आणलीय. तिला ती गोड लागते, शिव्या देते.

चूळ भरून झाली की तिचा उजवा हात आपोआप वर येतो. ती मुद्दाम करत नाही. बोटं ओठांपर्यंत आली की दचकून बघते, जणू दुसऱ्या कुणाचा हात. आज मी मनगट धरलं. "सोड," म्हणाली. सोडलं नाही. दोघं तसेच बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या तोंडात फेस.

केशरबाई आली होती. मी तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, ताडपत्रीसकट. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग विचारलं, मीबी काढते रे रोज, माजं बी गेलं असंल का वर?

१२ डिसेंबर

उठायला उशीर झाला. जाग आली तर खाट रिकामी. अनवाणी न्हाणीमागं धावलो. आत्या दगडावर बसली होती, पाठ माझ्याकडं, डोकं खाली. मला वाटलं संपलं.

जवळ गेलो. दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसली होती. अंग हलत होतं. उमासा आपोआप येत होता, ती तोंड मिटून नाकानं श्वास घेत तो परतवत होती. मी गोळी आणायला धावलो. जिभेखाली ठेवली. ओसरायला फार वेळ लागला.

"कुनी सांगितलं हात दाबायला?" मी विचारलं.

"कुनी सांगायला पायजे का?" म्हणाली. "माजेच हात हायेत."

७ जानेवारी

काल नगरला तपासणी. पांढरं औषध पाजून एक्स-रेच्या पडद्यावर बघितलं. पांढरी रेघ घशातून उतरत गेली. जठर गेल्या वेळी होतं तिथंच आहे. बोटभरही वर नाही. मॅडम म्हणाल्या, जूनमधे परत या, आणि मग पुढच्या जूनमधे. म्हणजे सुटका नाही, नुसती मुदतवाढ. तरी परतताना आत्यानं सैफला गाडी थांबवायला लावून आम्हा दोघांना उसाचा रस पाजला. स्वतः दोन घोट घेतले, मोजून, मधे थांबून.

कानिफनाथनं मोहरीचा फोटो पाठवलाय. पिवळं, नजर पोचेल तिथवर. आत्याला दाखवला. म्हणाली, पित्तासारखंच हाय की. मला हसू आवरेना, तिलाही येत होतं, पण तिनं जपून हसून घेतलं, पोटाला हात लावून.

८ जानेवारी

पहाटे जागाच होतो. खाट करकरली. पावलं न्हाणीकडं गेली. मी उठलो नाही. आज उठायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ठरवून मला घाम फुटला होता. पाणी ओतल्याचा आवाज. चूळ. परत चूळ. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की मी गोधडी बाजूला सारली.

आणि कोंबडा आरवला.

आत्या पदराला हात पुसत आली. अंधारात माझे उघडे डोळे तिला दिसले असणार. "ऊठ की," म्हणाली, "त्यानं बी काम धरलं आता. तू कवा धरनार?"